भिंगकाकांचा लाल ठिपका

भिंगकाकांना खरं नाव आहे. पगाराच्या दिवशी ते पुकारलंही जातं, पण तेव्हा त्यांना स्वतःलाच ते पटकन कळत नाही, शेजारच्याने ढोसावं लागतं. उजव्या डोळ्यावर घड्याळजीचं काळं भिंग लावून ते आमच्या मोबाइल सर्व्हिस सेंटरच्या काउंटरमागे दिवसभर बसलेले असतात. डबा खाताना ते भिंग कपाळावर सरकतं, एवढाच काय तो फरक. मी दाराशी बसून टोकन देते आणि लोकांची पहिली शिवी खाते, म्हणून काका मला टोकनबाई म्हणतात. मीही त्यांना वाटेल ते बोलते. आमचं तसं बरं चाललेलं असतं.

पूर्वी त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एका जिन्याखालची खोबण, पण चालायचं झकास. मग लोक वेळ फोनमध्ये बघायला लागले आणि मनगटं रिकामी झाली. काकांनी दुकानाला कुलूप लावलं आणि ज्याने धंदा बुडवला त्याच्याच दारात नोकरी धरली. हे ते स्वतः हसत हसत सांगतात. काकू हसत नाहीत. काकूंचं पाळणाघर आहे, तिथे रडणाऱ्या पोरांना ही गोष्ट सांगून काका गप्प करतात म्हणे.

आता त्यांचं काम सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. प्रत्येक फोनच्या पोटात तिळाएवढा एक पांढरा ठिपका चिकटवलेला असतो. त्याला पाणी लागलं की तो लाल होतो आणि परत पांढरा होत नाही. ठिपका लाल म्हणजे फोन भिजवला, फोन भिजवला म्हणजे वॉरंटी खलास. मग बिघाड कसलाही असो, कंपनी हात वर करते. आमच्या कंपनीच्या फोनांत हा ठिपका आत असतो, मागचं झाकण उघडल्याशिवाय दिसत नाही. उघडायचं, बघायचं आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, हे काम काकांचं.

त्यातलं सांगायचं काम सगळ्यात वाईट. कारण आपला फोन पाण्यात पडला, असं आमच्याकडे येणारा माणूस कधी कबूल करत नाही. फोन जणू जन्मल्यापासून वाळवंटात राहिलेला असतो. एक गृहस्थ छातीवर हात ठेवून शपथ घेत होते की फोन पाण्याच्या आसपाससुद्धा गेलेला नाही, आणि काकांनी फोन उलटा करताच चार्जिंगच्या भोकातून तांदळाचा दाणा काउंटरवर पडला. भिजलेला फोन तांदळात पुरून ठेवायचा उपाय आता सगळ्यांनाच ठाऊक झालाय. मी खो खो हसले. काकांनी मात्र दाणा बोटाने हळूच बाजूला सारला आणि त्या माणसाला बसायला खुर्ची दिली.

ही त्यांची रीत. ते कुणाला खोटं पाडत नाहीत. डोळ्यावरचं भिंग काढतात, रुमालाने पुसतात, गिऱ्हाइकाच्या हातात देतात आणि म्हणतात, ‘तुम्हीच बघा.’ माणूस वाकून बघतो, लाल ठिपका दिसतो, मग तो काकांवर ओरडू शकत नाही. जाताना माझ्यावर ओरडतो. इतक्या वर्षांत काकांविरुद्ध एकही तक्रार वर गेलेली नव्हती आणि याचा त्यांना अभिमान होता. बोलून दाखवायचे नाहीत, पण मला कळायचं.

त्यांची आणखी एक रीत होती, दुकानाच्या काळातली. घड्याळजी सकाळी सगळी घड्याळं उघडून मांडून ठेवतो आणि मग एकेक करून तपासतो. काकाही तेच करायचे. सकाळी आलेले सगळे फोन उघडायचे, आतल्या खोलीच्या फळीवर ट्रेमध्ये ओळीने मांडायचे आणि दुपारी डबा खाऊन झाल्यावर भिंग चढवून एकामागून एक बघत जायचे. एक एक उघडून लगेच बघण्यात हाताची लय सारखी मोडते, असं त्यांचं म्हणणं. पटण्यासारखं होतं, म्हणून कुणी काही बोललं नाही.

यंदा उन्हाळा तापला आणि आमच्या हॉलमधला एसी बंद पडला. वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली, काचेच्या भिंती. माणसं भाजून निघायची आणि तो जाळ माझ्यावर काढायची. साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, मुख्य ऑफिसला कळवलं आणि ‘बघू’ एवढं उत्तर ऐकून ते गप्प बसले. शेवटी काकांनी आपल्या घरचा कूलर उचलून आणला. पाणी भरायचा, गवताच्या जाळ्यांचा, मोठा धूड कूलर. काकूंनी कुरकुर न करता दिला. पाळणाघरातल्या मुलांना पंखा पुरतो, तुमच्या भांडणाऱ्या लोकांनाच गार वाऱ्याची जास्त गरज आहे, असं त्या म्हणाल्या.

कूलर काकांनी बाकांसमोर, भिंतीला लावून ठेवला. समोर गिऱ्हाइकं, त्यांच्यामागे काउंटर, आणि काउंटरमागे आतल्या खोलीची खिडकी, जिच्यातून आम्ही फोन आत-बाहेर देतो. वारा थेट आतपर्यंत जायचा. काका खूश होते. भांडणं निम्म्याने कमी झाली, हे मी माझ्या कानांनी सांगते.

त्याच दिवसांत पडदेवाल्या बाई आल्या. पडद्यांच्या दुकानात शिलाईचं काम करतात म्हणून मी त्यांना हे नाव ठेवलं. उंच, सडसडीत, जाड चष्मा, बोटांना सुयांचे डाग. फोन नवाच होता. सगळं चालत होतं, फक्त पुढचा कॅमेरा काळा. समोरचा माणूस त्यांना दिसायचा, त्या समोरच्याला दिसायच्या नाहीत. काकांनी हातात घेऊन बघितलं, कंपनीचाच दोष दिसतोय, वॉरंटीत होऊन जाईल, असं म्हणाले. बाईंचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. फोन ठेवून त्या गेल्या.

दोन दिवसांनी आल्या तेव्हा काकांनी भिंग पुसलं. मला समजलं काय झालंय ते.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून भिंगातून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग परत देत शांतपणे म्हणाल्या, ‘लाल आहे. पण पाणी लागलेलं नाही.’

काकांनी नियम सांगितला. बाईंनी ऐकून घेतला आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं, आवाज न चढवता. काकांनी झाकण लावून फोन त्यांना दिला. त्यांनी तो पिशवीत ठेवला आणि बाकावर जाऊन बसल्या. अर्ध्या तासाने उठून कामावर गेल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत परत आल्या, टोकन घेतलं, काउंटरवर तेच वाक्य बोलल्या आणि बाकावर बसल्या. तिसऱ्या दिवशीही तेच.

मी फटकळ आहे. मला वाटलं, झालं, आता या बाई इथे ठिय्या देणार. ओरडणारी माणसं मला परवडतात, ती ओरडून मोकळी होतात. न ओरडणाऱ्यांचं काय करायचं ते मला कळत नाही. म्हणून जाऊन सरळ विचारलं, की एवढं काय अडलंय त्या कॅमेऱ्यावाचून, बाकी फोन तर चालतोय ना.

मग त्यांनी सांगितलं. त्यांना एक मुलगी आहे, जन्मापासून ऐकू येत नाही. दोघींचं सगळं बोलणं हातांनी. मुलगी चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी काढायला शिकली आणि तिला दूरच्या शहरातल्या कारखान्यात काम लागलं. पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली. तिथे खुणांची भाषा कुणालाच येत नाही. दिवसभर मान खाली घालून कपबशा रंगवायच्या आणि संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावून पोटभर बोलायचं, एवढाच तिचा आधार. आणि कॅमेरा काळा पडला.

सुरुवातीला बाईंनी जुगाड केला होता. फोनचा पाठीमागचा कॅमेरा चांगला होता. फोन डब्याला टेकवून उलटा उभा करायचा, त्याच्यासमोर हातांनी बोलायचं, मग पटकन फोन फिरवून मुलगी काय म्हणते ते बघायचं. तोवर तिचं अर्धं बोलणं होऊन गेलेलं असायचं. त्यात एक दिवस मुलगी रडत होती, परत येते म्हणत होती. बाईंना वाटत होतं की तिने टिकावं. इथे येऊन ती पडदेच शिवणार, आणि तिच्या हातात पडद्यांपेक्षा मोठं काही आहे. एवढं सगळं फोन उलटासुलटा करून सांगता येईना, म्हणून त्यांनी मेसेज लिहिला. त्या फार शिकलेल्या नाहीत. लिहिलं, ‘येऊ नको. तिथेच राहा.’

‘आमच्या हातांनी बोललं ना, तर त्यात चेहरा असतो,’ बाई म्हणाल्या. ‘मी हसत म्हटलं असतं, डोळ्यांनी जवळ घेतलं असतं. नुसती अक्षरं वाचून तिला वाटलं, आईला मी नको झालेय. आता फोन उचलते, समोर काळं दिसतं, मी पाठीमागचा कॅमेरा लावेपर्यंत ठेवून देते. बिघडलाय म्हणून लिहिलं तरी तिला वाटतं, कॅमेरा मी मुद्दाम बंद ठेवलाय. म्हणजे तिचं तोंड बघते, पण माझं दाखवत नाही. शेजारणीच्या फोनवरूनही लावून बघितला. अनोळखी नंबर ती उचलत नाही. ऐकूच येत नाही, तर उचलून करणार काय?’

मी नंतर काकांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, भिंग कपाळावर, हातात पेचकस तसाच. मग म्हणाले, बाई चांगल्या असतील, पण ठिपका लाल आहे. एकीला सोडलं तर कालच्या माणसाला काय सांगायचं? मी रागाने निघून आले. खरं तर त्यांचंही चूक नव्हतं, म्हणून जास्त राग आला.

चौथ्या दिवशी बाई नेहमीच्या जागी बसल्या होत्या, कूलरच्या अगदी समोर. काका आत तपासायला निघाले होते, तेवढ्यात त्यांची नजर गेली. बाईंनी चष्मा काढला, पदराच्या टोकाने पुसला, घातला. थोड्या वेळाने परत काढला, परत पुसला. काकांना वाटलं, रडतायत. काका कुणाला रडवून घरी जाऊ शकत नाहीत. ते काउंटरचं फळकूट उचलून बाहेर आले, जे ते एरवी डब्याच्या वेळेशिवाय करत नाहीत, आणि बाईंच्या शेजारी बाकावर बसले. मी कान टवकारले.

‘बाई, असं रडू नका,’ काका म्हणाले. ‘माझ्या हातात असतं तर...’

‘रडत नाहीये हो मी,’ बाई म्हणाल्या. ‘तुमचा कूलर पाणी उडवतो. चार दिवस बघतेय, सारखा चष्मा पुसावा लागतो.’

काका हसले. हसता हसता थांबले. त्यांनी बाईंच्या हातातून चष्मा घेतला, भिंग डोळ्यावर ओढलं आणि काच न्याहाळली. मग मान वर करून कूलरकडे बघितलं, मागे वळून काउंटरकडे, खिडकीकडे, आणि खिडकीतून आत दिसणाऱ्या फळीकडे. फळीवर सकाळी उघडून ठेवलेले फोन ओळीने पडले होते, पोटं वर करून, वारा खात. काकांच्या तोंडाचा रंग उडाला. चष्मा बाईंना परत द्यायचंही सुचलं नाही, मी जाऊन त्यांच्या हातातून काढून दिला.

ते आत गेले. नव्या ठिपक्यांची पट्टी काढली, एक ठिपका कागदाच्या कपट्यावर चिकटवला आणि कपटा फोनांच्या ट्रेमध्ये ठेवला. मग समोर स्टूल ओढून बसले. बाहेर माणसं खोळंबली, साहेबांनी दोनदा डोकावून बघितलं, काका जागचे हलले नाहीत. चहा आला तो तसाच गार झाला. शेवटी त्यांनी मला हाक मारली आणि भिंग काढून माझ्या हातात दिलं. ठिपक्याच्या कडेला गुलाबी छटा चढली होती. माझ्या डोळ्यांसमोर ती पसरत गेली आणि ठिपका लालभडक झाला.

‘पाणी लागलंय हे खरंच आहे, टोकनबाई,’ काका म्हणाले. ‘पण इथे लागलंय. मी लावलंय.’

माणसांना गार वाटावं म्हणून घरचा कूलर आणला, आणि घड्याळजीची सवय म्हणून फोन उघडे मांडून ठेवले. दोन्ही गोष्टी चांगल्याच. दोन्हींनी मिळून कितीतरी लोकांना खोटं ठरवलं होतं. आणि त्या सगळ्यांना काकांनी भिंग देऊन ‘तुम्हीच बघा’ म्हटलं होतं. आता ते सगळे मला आठवायला लागले. शपथा घेणारे, तावातावाने निघून गेलेले, एक आजी तर ‘असेल बाबा, माझ्याच हातून झालं असेल’ म्हणत उठल्या होत्या.

तरीही मी काकांना सल्ला दिला तो हाच, की कूलर हलवा, बाईंचा कॅमेरा बदलून द्या आणि बाकी मूग गिळून गप्प बसा. साहेबांनीही तेच सांगितलं, फक्त दार लावून. एक फोन मी माझ्या जबाबदारीवर करून देतो म्हणाले, बाकीच्यांचा विषय काढू नका, मुख्य ऑफिसला कळलं तर आपल्या सेंटरलाच टाळं लागेल. साहेब वाईट माणूस नाही. घाबरट आहे, आणि घाबरायला त्याच्याकडे कारण होतं. काका म्हणाले, बाकीच्यांनाही मीच नाही म्हटलंय. त्यावर साहेब म्हणाले, विचार करा, उद्या बोलू.

संध्याकाळी हातगाडीवर कूलर घालून आम्ही काकांच्या घरी पोचवला. माझं घर दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून मी एका बाजूने धरायला गेले. पाळणाघर रिकामं होत होतं, काकू शेवटच्या पोराच्या पायात चप्पल घालत होत्या. काकांनी दारातच सगळं सांगितलं. नोकरीचं काय होईल तेही सांगितलं. काकूंनी चप्पल घालून पूर्ण केली, पोराला त्याच्या बापाकडे दिलं, मग म्हणाल्या, ‘गप्प बसून तुम्हाला झोप लागणार आहे का? नाही ना. रात्रभर कूस बदलाल आणि माझीही झोप मोडाल. त्यापेक्षा उद्या सांगून टाका.’

‘नोकरी गेली तर?’

‘तर पोरांना तीच गोष्ट पुढे सांगा,’ काकू म्हणाल्या, आणि आम्हाला हात धुवायला पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी साहेबांसमोर बसून मुख्य ऑफिसला फोन लावला. कूलर माझा, ट्रे मी ठेवला, तपासायची पद्धत माझी, असं खापर पद्धतशीर स्वतःवर फोडून घेतलं. आठवड्याभरात कंपनीच्या एक तपासनीस बाई आल्या. करड्या चेहऱ्याच्या, हसायचं नाही असं घरून ठरवून आलेल्या. त्यांनी काकांना कूलर परत आणायला लावला, आम्ही पुन्हा हातगाडी काढली. ठिपके ठेवले, वाट पाहिली, ठिपके लाल झाले. मग त्यांनी विचारलं की हॉलमध्ये कूलर आणायची वेळच का आली. काका तोंड उघडणार, तेवढ्यात आमचे घाबरट साहेब पुढे झाले आणि म्हणाले की एसीच्या मागे लागायला हवं होतं ते मी लागलो नाही, ही चूक माझी आहे. साहेबांबद्दल मी इतकी वर्षं जे जे बोलले त्यातलं निम्मं त्याच दिवशी मनातल्या मनात मागे घेतलं. बाकीचं निम्मं खरंच आहे.

निकाल लागला. काकांना ताकीद मिळाली, त्यांच्या नोकरीतली पहिली. उघडलेला फोन तिथल्या तिथे बघायचा, मांडून ठेवायचा नाही, असा हुकूम झाला. एसी दुरुस्त झाला. आणि कूलर आल्यापासून ज्यांना ज्यांना भिजल्याचं कारण सांगून परत पाठवलं, त्या सगळ्यांचे फोन पुन्हा घ्यायचे, वॉरंटीत दुरुस्त करायचे, असं ठरलं. काका त्या ताकिदीने खचतील अशी मला भीती होती. पण कपटा लाल झाल्यापासून पहिल्यांदा ते डबा संपवून उठले.

आता त्या लोकांना कळवायचं कुणी? काका म्हणाले, मीच. आणि इथे खरी गंमत सुरू झाली. आजकाल कुणी अनोळखी माणूस फोन करून ‘तुमचं नशीब उघडलंय’ म्हणाला की लोक काय समजतात? काकांनी पहिला फोन लावला, गोड आवाजात म्हणाले, तुमच्या मोबाइलची वॉरंटी आम्ही मंजूर केली आहे. समोरून फोन आपटला. दुसऱ्याने पोलिसांची धमकी दिली. तिसरीने विचारलं, आता माझ्याकडे बँकेचा नंबर मागणार ना, लाज नाही वाटत या वयात? आयुष्यभर नाही म्हणताना ज्याचं लोकांनी ऐकून घेतलं, त्याचं हो कुणी ऐकून घेईना. शेवटी मी फोन ओढून घेतला आणि माझ्या टोकनवाल्या आवाजात खेकसले, ‘काय हो, फोन न्यायचाय की नाही?’ तो आवाज लोकांनी लगेच ओळखला.

एकेक करून माणसं आली. काका प्रत्येकाला उभं राहून सांगत होते की चूक आमची होती. काहींनी तोंडसुख घेतलं, ते काकांनी घेऊ दिलं. त्या आजींनी काकांचा हात धरला, मला वाटत होतंच रे, म्हणाल्या, पण म्हातारपणी स्वतःवर भरवसा राहत नाही. आणि एक दाढीवाला तरुण काउंटरवर आला, इकडे-तिकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, ‘खरं सांगू का काका? माझा बादलीतच पडला होता. माझा राहू दे.’ काकांनी त्याला चहा पाजला.

पडदेवाल्या बाईंना मात्र फोन करावा लागला नाही. त्या रोज येतच होत्या. काकांनी कंपनीचा निकाल लागायच्या आधीच, कपटा लाल झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्या आल्या तेव्हा त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं होतं की तुमचा फोन माझ्यामुळे भिजला. बाई एवढंच म्हणाल्या, ‘मी म्हटलं होतं ना.’ त्यात टोमणा नव्हता. काकांना तो असता तर बरं वाटलं असतं.

नवा कॅमेरा यायला वेळ लागला. तोवर रोज जेवणाच्या सुट्टीत बाई येऊन विचारून जायच्या आणि मी मान हलवायची. मुलीचं काय, हे विचारायची माझी छाती होत नव्हती. एक दिवस त्यांनीच सांगितलं, तिचा मेसेज आला, खोलीची मुदत वाढवलेली नाही, महिना संपला की सामान घेऊन निघेल. पण घरी येईल की दुसरीकडे कुठे जाईल, ते तिने सांगितलेलं नाही.

ज्या दिवशी पार्सल आलं, त्या दिवशी काकांनी बाकीची कामं बाजूला सारली. बाई बाकावर, पाठ ताठ. काकांनी फोन त्यांच्यासमोर उघडला, कॅमेरा बसवला, झाकण लावलं आणि फोन सुरू करून बाईंच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर बाईंचा चेहरा आला. त्यांनी स्वतःकडे बघितलं आणि केस नीट केले.

मी म्हटलं, घरी जाऊन निवांत बोला. त्या म्हणाल्या, ‘आत्ता तिची सुट्टी असते. संध्याकाळपर्यंत माझ्याने नाही थांबवणार.’ काकांनी काउंटरवरचं सगळं सामान हाताने लोटून जागा केली आणि फोन पेचकसांच्या डब्याला टेकवून उभा केला.

रिंग जात राहिली. हॉलमधल्या माणसांना काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, पण माझं आणि काकांचं तोंड बघून तीही काउंटरकडे सरकली. मग पडदा उजळला. एक मुलगी, गालाला निळा रंग लागलेला, ओठ घट्ट मिटलेले. फोन ठेवायला तिचं बोट पुढे आलेलं स्पष्ट दिसलं. आणि ते तसंच हवेत राहिलं, कारण तिला आई दिसली.

बाईंनी हात उचलले. मी त्या दिवसापर्यंत त्यांना बोटभर वाक्यं बोलताना ऐकलं होतं. आता त्या बोलत सुटल्या. हात छातीशी जात होते, हनुवटीशी जात होते, लांब जाऊन परत येत होते, भुवया वर-खाली, मधेच हसणं, मधेच मान जोरजोरात हलवून नाही नाही. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं आणि तरी डोळे भरून आले. मुलगी नुसती बघत होती. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. मग तिनेही हात उचलले, रंगाने माखलेले, आणि काहीतरी थोडंसंच बोलली.

बाईंचे हात खाली आले. त्या हसत होत्या आणि चष्म्याखालून पाणी वाहत होतं, या वेळी कूलरचं नाही.

काकांनी भिंग कपाळावर सरकवलं. ‘काय म्हणते?’ त्यांनी विचारलं, इतक्या हळू की मला ते जेमतेम ऐकू आलं.

‘राहते म्हणाली,’ बाईंनी सांगितलं. ‘म्हणाली, राहीन मी इथे. फक्त तू रोज दिसत जा.’